चारशे अठरा नंबरचं घर

श्रीरंग मागच्या दारातून गाडीत शिरला, सीटवर गुडघे रोवले आणि पुढे बसलेल्या बाईच्या कानांवर दोन्ही पंजे ठेवून त्याने तिचं डोकं सरळ धरलं.

"मान हलवायची नाही. हो की नाही, ते तोंडाने सांगा."

"तू आहेस होय," मार्लीन म्हणाली. "तुझं पुण्याहून पार्सल आलंय. मागेच आहे. त्यावर बसू नकोस."

गाडीचं नाक ओकच्या खोडात घुसलं होतं, काच फुटली होती, बाईच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं, आणि तिला काळजी पार्सलची. मार्लीन या डोंगरात सव्वीस वर्षं टपाल वाटत होती, तेही स्वतःच्याच गाडीतून. आज वळणावर हरीण आडवं आलं. हरीण वाचलं.

"बोटं?"

"मुंग्या आल्यात. डाव्या हाताला."

श्रीरंगने बोनेटपाशी उभ्या असलेल्या ड्वेनकडे पाहिलं. ड्वेनने ऐकलं होतं. त्याने घड्याळ पाहून हाताचा पंजा पाचदा दाखवला. अ‍ॅम्ब्युलन्स तालुक्याच्या गावाहून यायची होती, पंचवीस मिनिटं. तोवर हे डोकं असंच राहायला हवं होतं. मानेला दुखापत असेल तर एवढासा हिसकाही माणसाला जन्माचं अंथरुणाला खिळवू शकतो. म्हणून एकदा धरलं की धरलं. नाक खाजलं तरी सोडायचं नाही.

व्हर्जिनियाच्या या कोपऱ्यात पगारी अग्निशामक दल नाही. पाच-सहाशे वस्तीचं गाव, एक बंब, एक पाण्याचा टँकर आणि अकरा माणसं. कमरेचा पेजर वाजला की हातातलं टाकून पळायचं. ड्वेन त्यांचा प्रमुख. एकाहत्तर वर्षांचा, जन्मभर शाळेची बस चालवलेला. अजूनही बंब वळणावर असा घेतो की वाटावं, मागे चाळीस पोरं बसलीत. वांडाचं केस कापायचं दुकान आहे. आज ती एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्याला रंग लावून आली होती. आणि श्रीरंग शहरातली, हर्नडनची चौदा वर्षं मागे टाकून, घरून काम करायची मुभा मिळताच इथे राहायला आलेला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो फक्त "कॉल आलाय" असं लिहितो आणि उठतो. त्याच्या टीमला आता सवय झाली आहे. या लोकांना कोणी सांगितलेलं नाही, कोणी विचारणार नाही, तरी ते येतात. अशा माणसांपुढे आपण टोपी काढावी, दुसरं काय.

बाकीचे आठजण त्या दिवशी कामाला लांब गेलेले होते. म्हणून तिघंच.

वांडा चाकांना लाकडी ठोकळे लावत होती तेवढ्यात पुन्हा पेजर वाजले. तिघांचे एकदम. मग ड्वेनच्या खांद्यावरच्या रेडिओतून कंट्रोल रूमची बाई बोलली, नेहमीसारखी, भाजीची यादी वाचावी तशी.

"चारशे अठरा, लॉरेल फोर्क रोड. घराच्या मागे लाकडी डेकला आग. घरात वयस्क महिला, एकटी."

 आधी बोलली ती मार्लीन.

"ते तुझं घर."

टपालवालीला पत्ते काय सांगायचे.

"निळं दार. आणि वयस्क महिला म्हणजे तुझी आई. सोड मला. जा."

"मान हलवू नका," श्रीरंग म्हणाला.

रत्नाबाई, त्याची आई, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. चौऱ्याहत्तर वर्षं, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, इंग्रजी कामापुरतं. दीपा, त्याची बायको, आठवड्यातले तीन दिवस हर्नडनला असायची. म्हणजे घरात आई एकटी, पुढच्या दाराला अकरा पायऱ्या आणि मागे आग.

ड्वेन खिडकीपाशी आला. दलात एक जुना रिवाज आहे. स्वतःच्या घरचा कॉल आला तर त्या माणसाला पाण्याच्या होजला हात लावू द्यायचा नाही. त्याला बाजूला बसवायचं, हातात पाण्याची बाटली द्यायची. घरचा माणूस आगीकडे बघत नाही, आपल्या माणसाकडे बघतो, आणि मग दोघं बाहेर काढावे लागतात. इथे बाजूला बसवायचाही प्रश्न नव्हता. डोकं धरायचं शिकलेले दोघंच, श्रीरंग आणि ड्वेन. ड्वेनच्या बोटांना संधिवात. पाच मिनिटांवर ती टिकली नसती. ते दोघांनाही माहीत होतं, तरी ड्वेनने हातमोजे काढले.

"मी धरतो. तू वांडाच्या गाडीने जा."

श्रीरंगने त्याच्या सुजलेल्या सांध्यांकडे पाहिलं.

"तू बंब घेऊन जा," तो म्हणाला. "प्लीज, ड्वेन. जा लवकर."

ड्वेन धावला. एकाहत्तराव्या वर्षी माणूस धावतो तसाच, पण धावला. सायरन वळणावळणाने लांब गेला आणि मग डोंगराच्या आड बंद झाला. वांडा छोटा फायर एक्स्टिंग्विशर घेऊन बोनेटपाशी उभी राहिली. तिने आपला रेडिओ गाडीच्या टपावर ठेवला, श्रीरंगला ऐकू यावा म्हणून. पण त्या घळीत रेडिओ धड चालत नाही. खरखर, अर्धा शब्द, पुन्हा खरखर. "पोचलो" एवढं कळलं. त्यानंतर "धूर". त्यानंतर काही नाही.

आई बाहेर आली का? पुढच्या दाराची कडी तिला जड जाते. तिला वाटलं असेल का, आधी देव उचलावेत, पासपोर्ट घ्यावा? तिचा तो स्वभावच.

"तुझे अंगठे रुतताहेत," मार्लीन म्हणाली.

"सॉरी."

"सॉरी नको. मला सांग, ती मला डब्यात देते ते लाल, तिखट, ते काय असतं?"

"कशाला देते ती तुम्हाला?"

"मला काय माहीत! रोज अकराला टपालपेटीपाशी उभी असते. मी पत्रं देते, ती डबा देते. तिला माझं कळत नाही, मला तिचं. परवा मी ते लाल काहीतरी ब्रेडला लावून खाल्लं. डोळ्यांतून पाणी. नवऱ्याने सगळं संपवलं."

"लसणाची चटणी," श्रीरंग म्हणाला. त्याचे डोळे भरले. पुसायला हात मोकळा नव्हता. मार्लीनला मागचं दिसत नव्हतं, हे एक बरं.

ती बोलतच राहिली. नातवाचं, हरणाचं, पोस्टातल्या साहेबाचं. पुष्कळ वेळाने श्रीरंगच्या लक्षात आलं की तिला बोलायची हौस नाहीये. मुंग्या आलेल्या हाताची ही बाई त्याला धीर देत होती.

अ‍ॅम्ब्युलन्स बावीस मिनिटांत आली. एका मुलीने त्याच्या हातांखालून हात घालून डोकं घेतलं, मानेला पट्टा चढला, स्ट्रेचर आलं.

"पायाची बोटं हलवा," मुलगी म्हणाली.

मार्लीनने हलवली. दोन्ही पायांची.

वांडाने त्याला गाडीची किल्ली दिली नाही. "तू बस," एवढंच म्हणाली आणि स्वतः चालवली, पायाखाली पेडल फुटेस्तोवर.

घर उभं होतं. मागचा डेक अर्धा काळा, भिंतीचं प्लास्टिकचं आवरण वितळून सुरकुतलेलं, आणि ड्वेन ओल्या फळ्या उचकटून खाली बघत होता. रत्नाबाई बंबाच्या पायरीवर बसली होती. साडीवर ड्वेनचा जाडजूड कोट. वाऱ्यावर जळक्या लाकडाचा आणि, का कोण जाणे, ताकाचा वास होता.

"ताक पातेलंभर होतं, तेच ओतलं," ती म्हणाली. "बाहेरचा नळ तू थंडीसाठी बंद केलेला." मग मान खाली घालून, "चूक माझीच. लाकडाच्या शेगडीतली राख खोक्यात भरून मागे डेकवर ठेवली होती. कढई घासायला. वरून हात लावून बघितला रे, गार होती. राखेखाली निखारा म्हणून जन्मभर लोकांना सांगत आले, आणि स्वतः पुठ्ठ्याच्या खोक्यात भरला."

श्रीरंग तिच्या शेजारी बसला. त्याला तिला मिठी मारायची होती आणि ओरडायचंही होतं. ड्वेन जवळ आला.

"तिने फोनवर काय सांगितलं माहीत आहे? कंट्रोल रूमची बाई म्हणाली मला. म्हणे, या गावची गाडी पाठवू नका. दुसरीकडून पाठवा. माझा मुलगा बिझी आहे."

"आई! दुसरं स्टेशन पस्तीस मिनिटांवर आहे. सगळं घर गेलं असतं. तू गेली असतीस!"

"स्वयंपाकघरात तुझा तो बंबाचा रेडिओ चालू असतो ना," रत्नाबाई म्हणाली. "मला त्यातलं काय कळणार. पण 'मेल' कळलं, म्हणजे टपाल. तुझा आवाज कळला. आणि अकरा वाजून गेले तरी मार्लीन आलेली नव्हती." तिने कोट जरा आवळून घेतला. "तुला कळलं असतं तर तू तिला टाकून आला असतास. म्हणून म्हटलं, त्याला कळायला नको."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मग? कधी कळलं तुला?"

खोटं बोलायची सोय होती. आत्ताच, वांडाने सांगितलं. तेवढ्यावर भागलं असतं, आणि ड्वेनने काही म्हटलं नसतं; मराठी त्याला कळतही नव्हतं.

"लगेच कळलं," तो म्हणाला. "पत्त्यासकट. मी तिथेच बसून राहिलो, आई."

 रत्नाबाई डेककडे बघत राहिली. ड्वेन पुन्हा फळ्यांकडे गेला. श्रीरंगचे हात गुडघ्यांवर होते. बोटं अजून वाकलेलीच होती, कोणाचं तरी डोकं धरल्यासारखी, आणि ती त्याला सरळ करता येत नव्हती. तिने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट चोळत, हळूहळू सरळ करत गेली. करंगळी झाल्यावर तिने तो हात खाली ठेवला.

"दुसरा दे," ती म्हणाली.