तीन रविवारांची चोरी

एकट्या माणसाच्या घरात भाजीची जुडी नासतेच. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या पेत्राकेला हे बायको गेल्यावर कळलं. निवृत्त फिटर, मुलगी इटलीत, तिचा फोन रविवारी संध्याकाळी. आमचं आंबट सूप, म्हणजे चोर्बा, लेउश्त्यान नावाच्या वासाच्या पाल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. एका माणसाला चार पानं पुरतात आणि बाजारात मिळते भली मोठी जुडी. उरलेली दर आठवड्याला फेकताना त्याला घर फार मोठं वाटायचं.

शेवटी त्यानं ठरवलं, पाला घरीच लावायचा. एकदा रुजला की दर वसंतात आपला आपण फुटतो. खिडकीखाली हातभर जमीन होती. नव्हतं ते रोप. पलीकडच्या सावेताबाईंच्या खिडकीखाली मात्र ते कमरेएवढं माजलं होतं. पण मागायचं कसं? अकरा वर्षांत नमस्काराच्या पुढे बोलणं गेलेलं नाही. उगाच कुणाला त्रास कशाला? शिवाय चोरलेलं रोप हमखास जगतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. सोयीची समजूत माणसाला बरोबर आठवते.

बाई चर्चला गेल्या की हा सुरी घेऊन निघायचा. दोन रविवार त्यानं दांडे कापून आणले, मातीत खोचले, पाणी घातलं. बुधवारपर्यंत दोन्ही खेपांना त्यांनी माना टाकल्या. तिसऱ्या रविवारी खिडकी उघडली. पाय दुखतो म्हणून बाई घरीच होत्या.

"काय शेजारी, आजही दांडाच नेताय?"

पेत्राके कानापर्यंत लाल झाला. "मी... भरून देतो."

"भरून काय देताय? दांडा कुठं रुजतो का? डोळा असलेला मुळाचा तुकडा घ्या. थांबा, फावडं देते."

"मागायला संकोच वाटला. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास?" बाईंनी खिडकीतून फावडं पुढे केलं. "मला एकटीला किती पाला लागतो हो? एवढा लावला तो कुणीतरी मागायला येईल म्हणून. आठ वर्षं झाली. आलात ते तुम्ही पहिले, आणि तेही मी घरात नाही हे बघून."

पेत्राकेनं मुळाचा तुकडा खणून काढला. "आभारी..."

"गप बसा. रोपाचे आभार मानले की ते वाळतं. आणि पहिलं वर्ष पान तोडायचं नाही. मूळ धरू दे त्याला."

"मग वर्षभर चोर्ब्यात घालू काय?"

"माझ्याकडून न्या. पण दारातून, बेल वाजवून."

पुढच्या रविवारी त्यानं बेल वाजवली. दार इतक्या चटकन उघडलं, की बाई दाराशीच उभ्या असाव्यात.

मंडळी, समोरच्याला त्रास नको म्हणून आपण बेल वाजवत नाही आणि त्याला सभ्यपणा म्हणतो. आतलं माणूस मात्र वर्षानुवर्षं त्या बेलकडे कान लावून बसलेलं असतं. तेव्हा शेजाऱ्याकडे काहीतरी मागा. चार पानं मागितली तरी चालतील.