तेजूला विचारायचं कसं

माझ्या बायकोचं, छायाचं वर्षश्राद्ध वैशाखात आलं. सकाळी गोदावरीवर जाऊन विधी उरकले आणि दुपारी सातपूरच्या घरी जेवण ठेवलं. माणसं फार नव्हती. शेजारची दोन घरं, माझ्या कारखान्यातले जुने सोबती, आणि देवळ्याहून आलेली छायाची धाकटी बहीण लंकाबाई आणि तिचे यजमान कारभारी, म्हणजे माझे साडू.

पुरणपोळ्या वाढायला तेजू होती. तेजू म्हणजे तेजस्विनी, आमची एकुलती एक मुलगी. आता पंचविशीत आहे. तिला ऑटिझम आहे. ती बोलते, पण थोडं. जे ऐकते तेच खरं धरते. त्यामागे वेगळं काही असेल, हे तिच्या डोक्यात येत नाही.

आमच्याकडे पंगतीत पोटभर जेवायचं असेल तर आधी नको म्हणावं लागतं. ताटावर हात आडवा धरायचा, "बास बास" म्हणायचं, आणि वाढणाऱ्याने हात बाजूला सारून पोळी टाकायची. तेजू पहिल्या पंगतीत साडूंसमोर आली. त्यांनी ताटावर हात धरला आणि म्हणाले, "नको गं बाई, लय झालं."

तेजू पुढे गेली.

साडूंच्या ताटात अर्धीच पोळी होती. त्यांनी हात तसाच धरून ठेवला, मग हळूच काढून घेतला. पुढच्या माणसाने नको म्हटलं, त्याच्याही पुढे ती गेली. पंगत बघता बघता संपली. पोळ्यांचं पातेलं जवळजवळ भरलेलंच राहिलं.

लंकाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "आवो दाजी," त्या मला म्हणाल्या, "ही पोरगी वाढतीय का पंगत उठवतीय?"

"ते नको म्हणाले," तेजू म्हणाली.

"अगं माझे आये, नको म्हनायचं असतं आनि वाढायचं असतं!"

तेजू त्यांच्याकडे बघत राहिली. मला एकदम हसू आलं. वर्षभरात मी घरात मोठ्याने हसलो नव्हतो. मग मी स्वतः पातेलं घेतलं आणि सगळ्यांना पुन्हा बसवलं. साडूंना मी सरळ विचारलं, "किती पोळ्या?" ते लाजले आणि म्हणाले, "दोन टाका."

जेवणं झाली, शेजारी गेले, सोबती गेले. घरात आम्ही चौघंच उरलो. तेव्हा लंकाबाईंनी मुख्य गोष्ट काढली. पदर खोचून त्या माझ्यासमोर बसल्या.

"दाजी, मी तेजूला घेऊन जाते देवळ्याला. कायमची. वरीस झालं, बघितलं आमी. पोरीच्या जातीला घरात बाई लागती. तुमी बाप्या मानूस, तिचं काय काय असतं, तुमाला काय कळनार?"

"तिचं ती करते," मी म्हणालो. "छायाने शिकवलंय सगळं. दुकानातून पॅड मी आणतो आणि तिच्या कपाटात ठेवतो. एवढंच माझ्याकडे."

हे मी इतकं उघड बोलेन असं त्यांना वाटलं नसावं. तरी त्या अडल्या नाहीत. "ते ऱ्हाऊ द्या. तिकडं कांद्याचं काम चालू हाय. तिला कांदे निवडायला आवडतं. तुमाला म्हाईत हाय."

ते खरं होतं. छाया तिला दर उन्हाळ्यात माहेरी न्यायची. कांदा काढून झाला की साठवणीच्या चाळीत भरायच्या आधी निवडावा लागतो. मोठा एकीकडे, गोल्टी म्हणजे बारका कांदा दुसरीकडे, जोडकांदा तिसरीकडे. तेजू त्या ढिगापुढे बसली की उठायची नाही. तिने निवडलेल्या ढिगात पुन्हा हात घालावा लागत नाही, असं कारभारी पाहुण्यांना सांगायचे.

"मंग तुमचं काय म्हननं हाय?" लंकाबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं."

आमच्याकडे याचा अर्थ "मला मान्य नाही" असा होतो. समोरच्याने तो ओळखायचा असतो. लंकाबाईंनी ओळखला नाही, किंवा ओळखला आणि सोडून दिला. त्या तेजूकडे वळल्या.

"तेजू, तुला पप्पांजवळ इथं राहायचं का मावशीसंगं देवळ्याला यायचं?"

"मावशीसंगं देवळ्याला यायचं," तेजू म्हणाली.

"ऐकलं ना दाजी? पोर सोता बोलली."

मी ऐकलं. मी उठून मागच्या अंगणात गेलो आणि नळ सोडून उगाच पाय धूत उभा राहिलो. लेथवर सगळं आयुष्य गेलं माझं. पहिली, दुसरी, तिसरी अशा पाळ्या केल्या. घरी आलो की तेजूशी काय बोलायचं ते छाया बघायची. ती गेल्यावर तेजू आणि मी दोघंच. सकाळी मी तिला विशेष मुलांच्या केंद्रात सोडतो, तिथे ती कागदी पिशव्या बनवते, दुपारी घेऊन येतो. संध्याकाळी ती गॅलरीत बसते, मी तिच्याजवळ बसतो. आम्ही काही बोलत नाही. पण कुणीतरी शेजारी आहे, हे मला तेवढ्यावरून कळत होतं. आता ते जाणार होतं आणि तेजूच्याच तोंडून जाणार होतं. तिला जायचं असेल तर मी कोण अडवणारा?

आत आलो तेव्हा लंकाबाईंनी तेजूची बॅग भरली होती. चहाही झाला होता. त्यांनी तेजूला विचारलं, "दूध घेती का चहा?"

"चहा," तेजू म्हणाली.

त्यांनी चहाचा कप तिच्या हातात दिला. तेजूने तो खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसली. तेजू चहा पीत नाही. कधीच प्यायली नाही. तिला दूध लागतं, गार केलेलं, साखर न घातलेलं.

मी कपाकडे बघितलं आणि मला कळलं.

"लंकाबाई," मी म्हणालो, "तिला उलटं विचारा. आधी चहा म्हणा, मग दूध."

"आता काय परीक्षा घेताय का काय तिची?"

"विचारा तर."

"तेजू, चहा घेती का दूध?"

"दूध."

"बघितलं? दोन गोष्टी एकदम विचारल्या की ती शेवटची म्हणते. तुम्ही देवळा शेवटी म्हणालात."

लंकाबाईंचा चेहरा उतरला, पण त्या हार मानणाऱ्या नव्हेत. "म्हंजे तुमी इथलं शेवटी म्हनाल आनि ती 'इथं' म्हनंल. मंग तुमचं खरं का?"

"नाही. तेही खरं नाही."

"मंग पोरीच्या मनातलं कळायचं कसं?"

हा प्रश्न बरोबर होता. मी छायाला आठवू लागलो. छाया कधी "हे का ते" असं विचारत नसे. ती एक गोष्ट पुढे धरायची. "दूध?" म्हणायची आणि गप्प बसायची. मी म्हणायचो, अगं तिने ऐकलं नाही, पुन्हा विचार. ती म्हणायची, "ऐकलंय. उत्तर वाटेत आहे. आपण मध्ये बोललो की ते परत फिरतं."

मी टीव्ही बंद केला. पंखा खडखडत होता, तोही बंद केला. उकाडा होता, पण कुणी काही म्हणालं नाही. मी तेजूच्या समोर नाही, तर जरा बाजूला बसलो. समोर बसलेलं तिला आवडत नाही.

आधी मी लंकाबाईंना सांगितलं, "मघाशी मी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालो, ते खरं नव्हतं. तिने जाऊ नये असं मला वाटतं. मला इथे एकट्याला राहवणार नाही. पण तिला जायचं असेल तर मी सोडेन. हे झालं माझं म्हणणं."

मग मी तेजूला सांगितलं. छोटी छोटी वाक्यं केली आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबलो.

"तेजू. मावशी आता देवळ्याला जाणार आहे. मावशी म्हणते, तू पण चल. तू गेलीस तर आज तिथे झोपशील. उद्या पण तिथे झोपशील. रोज तिथेच. पप्पा इथे राहतील. पप्पा तिथे नसतील. तुला काय पाहिजे ते पप्पांना दाखव."

तेजू आपल्या बोटांकडे बघत होती. अंगठा एकेका बोटावर टेकवत होती. बराच वेळ गेला. शांत बसणं किती जड असतं ते तेव्हा कळलं. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तो किक मारत होता.

"अगं बोल की माझी बाय—" लंकाबाई म्हणाल्या.

"गप जरा," साडू म्हणाले. पंगतीनंतर ते पहिल्यांदाच बोलले होते. "तिचं येऊ दे."

तेजू उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"कपडे घ्यायला गेली," लंकाबाई कुजबुजल्या. "म्या थोडेच भरले होते."

मी जमिनीकडे बघत बसलो. जाईल, मी मनात म्हटलं. तिला तिथे आवडतं. मोकळं रान आहे, कांद्याचा ढीग आहे, चार माणसं आहेत. बापाने आडवं येऊ नये.

तेजू बाहेर आली. तिच्या हातात कपडे होते, पण ते माझे होते. माझी पँट, दोन शर्ट, घरात घालायचा पायजमा, टॉवेल. बॅगेजवळ बसून तिने ते आपल्या कपड्यांवर ठेवले. मग पुन्हा आत गेली आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा घेऊन आली. तोही आत घातला. मग चेन ओढू लागली. बॅग छोटी होती, चेन लागेना. तिने जोर लावला, तरी लागेना. शेवटी तिने बॅग उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

मग लंकाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि त्यातूनच म्हणाल्या, "घ्या दाजी. तुमचा बी नंबर लागला."

पण मला खात्री करून घ्यायची होती. मी एकच गोष्ट विचारली. "तेजू, पप्पांनी पण देवळ्याला यायचं?"

थांबलो.

"हो," तेजू म्हणाली.

आम्ही मोठ्या माणसांनी तिला दोनच दारं दाखवली होती, आणि दोन्ही आमच्या सोयीची. मी दुसऱ्या पिशवीत माझे कपडे घालायला घेतले.

"ऱ्हावा की आता चार दिवस," लंकाबाई खुशीत येऊन म्हणाल्या.

"चार दिवस म्हणू नका. ती चौथ्या दिवशी पिशवी घेऊन तुमच्या ओट्यावर उभी राहील."

"मंग काय म्हनू?"

"वार सांगा."

लंकाबाईंनी विचार केला. तेजूजवळ गेल्या, जरा बाजूलाच बसल्या, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तेजू. आज मावशीकडं. पप्पा बी येनार. कांदे निवडायचे. रविवारी पप्पा आनि तू घरी येनार. इथं."

मग गप्प बसल्या. लंकाबाई इतक्या गप्प बसलेल्या मी त्यांच्या लग्नापासून पाहिल्या नव्हत्या.

तेजूने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. उठून रविवारवर बोट ठेवलं. "घरी," ती म्हणाली, आणि जाऊन चपला घातल्या.

दार ओढून कुलूप लावताना मला वाईट वाटलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा घर नुसतं बंद होत होतं, रिकामं होत नव्हतं.

साडूंची बोलेरो होती. ते चालवत होते, शेजारी तेजू खिडकीपाशी, मागे लंकाबाई आणि मी. सातपूर ओलांडेपर्यंत लंकाबाई बाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दाजी, बाई लागती, बाई लागती म्हनले मी. ते तर हायेच. पन खरं सांगू का? तेजू चालती तशीच ताई चालायची. पाय टाकायची तशीच लकब. मला वाटलं, ही घरात असली म्हंजे ताई बी जरा घरात असंल."

"मलाही तसंच वाटतं," मी म्हणालो. "म्हणूनच सोडवत नव्हती."

"मंग आदीच नाय का बोलायचं?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्या हसल्या. पुढे आरशातून साडूंनीही बघितलं आणि हसले.

द्वारका चौकात नेहमीसारखी गाड्यांची गर्दी. आम्ही सिग्नलला अडकलो. बसचे, रिक्षांचे हॉर्न चालू होते. तेजूने दोन्ही हात कानांवर घेतले.

"काच," ती म्हणाली.

ऊन होतं, काच अर्धी उघडी होती. साडूंचा हात बटणावर गेला. त्यांना वाटलं असणार, पोरीला उकडतंय. पण त्यांनी बटण दाबलं नाही.

"खाली घेऊ?" त्यांनी विचारलं, आणि थांबले.

सिग्नल हिरवा झाला. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला, त्याच्या मागचा रिक्षावाला ओरडला. साडू बटणावर हात ठेवून तेजूकडे बघत बसले होते. लंकाबाईंनी मागे वळून टेम्पोवाल्याला हाताने खूण केली, थांब म्हणून.

"नाही," तेजू म्हणाली.

"वर घेऊ?"

पुन्हा थांबले. टेम्पोवाला आता हॉर्नवरून हात काढतच नव्हता.

"हो."

साडूंनी काच पूर्ण वर घेतली. आवाज बाहेर राहिला. तेजूने कानांवरचे हात काढून मांडीवर ठेवले, आणि साडूंनी गिअर टाकला.