दुसरा गट

"दोन गटांत हाणामारी, गावात तणावपूर्ण शांतता." अंबाजोगाईच्या दवाखान्यात बापाच्या खाटेशेजारी बसून मी ही बातमी वाचली आणि माझं डोकंच फिरलं.

ग्रामसभेत बापानं एवढंच विचारलं होतं, की आमच्या वस्तीच्या स्मशानाला रस्ता कधी करणार. तो बाहेर पडताच सरपंचाचा पोरगा विजयसिंह आणि त्याच्या टोळक्यानं त्याला काठ्यांनी झोडपलं. जबडा मोडला. पेपरात मात्र विजयसिंह 'युवा नेते' आणि माझा बाप 'बन्सी नावाचा इसम'. त्याच पानावर युवा नेत्यांच्या वाढदिवसाची रंगीत जाहिरात! ती जाहिरात आणणारा आणि बातमी लिहिणारा माणूस एकच, आमच्या गावचा वार्ताहर राधाकिशन.

मी त्याला फोन लावला. "काका, तुमी तर तिथंच हुबे होता. माझ्या बापानं हात तरी उचलला का? मग हाणामारी कावून लिहिलं?"

"पोरी, पेपरात असंच लिहावं लागतंय. मी येतो. दुसऱ्या गटाचंबी म्हणणं छापू."

दुपारी तो खरंच आला. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून वॉर्डभर बघायला लागला.

"चैताली, तुमच्या गटातले बाकीचे कुठं हायत?"

मी बापाच्या तोंडावरचा टॉवेल काढला. तारांनी बांधलेल्या जबड्यातून त्याला शब्द फुटत नव्हता.

"एवढाच हाय तुमचा दुसरा गट, काका. एका खाटंवर मावलाय. घ्या आता त्याचं म्हणणं."