कोटाची उलटी बाजू

रफूवालीने कोटाची बाही आपल्याकडे ओढली, तशी सुनेने दुसरी बाही घट्ट धरली आणि मोकळ्या हाताने फोन उंच केला.

"आई, सोडा ना. एकच फोटो."

"मग समोरून काढ की. कोट उलटा कशाला करतेस?"

"समोरून काय काढू, कपाळ? समोर काही दिसतच नाही. लोक म्हणतील, धडधाकट कोटाचा फोटो टाकून रफू केलं म्हणून सांगतायत."

हे बोलणं खोडता येण्यासारखं नव्हतं. सरळ बाजूला फाटलेलं कुठे होतं हे खुद्द कोटाच्या मालकाला सापडलं नसतं. काम दिसत होतं ते आतून. तिथे आडवे-उभे बारीक धागे एका चौकोनात विणलेले होते. रफूवालीने बाही सोडली. फोनचा आवाज झाला आणि तिने उगाच पदर सावरला, जणू फोटो तिचाच निघाला होता.

दुकान बोळाच्या टोकाला होतं. एका बाजूला चावीवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला आणि मध्ये दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. इतकी वर्षं पाटीची गरज पडली नाही. कोपऱ्यावरचा धोबी फाटके कपडे गठ्ठ्याने पाठवायचा. त्याने दुकान बंद केलं आणि रफूवालीच्या हाताला काम उरलं नाही. मुलगा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. अशा वेळी सुनेने कंबर कसली.

"आता पाटी कोण वाचतं आई? लोक फोनला विचारतात, जवळ रफू कुठे करून मिळेल. तिथे आपण वर दिसलो पाहिजे. फोटो हवेत, वेळ हवी, गिऱ्हाइकांनी दोन चांगले शब्द लिहायला हवेत."

"काय हवं ते कर. माझं नाव नको आणि माझं तोंड नको."

"अगंबाई! एवढ्या का लाजताय? तुमचं लग्न जमवायला नाही टाकत मी."

रफूवाली हसली नाही. सुनेने नुसतं 'रफूचं दुकान' लिहिलं आणि कोट, शाल, गालिचा, जे हाती येईल त्याच्या उलट्या बाजूचे फोटो टाकत गेली.

पहिले काही दिवस ती सकाळी फोन बघून तोंड वाकडं करायची. "आजही चावीवाला आपल्या वर. रफू विचारलं तर चावीवाला दाखवतायत!" चावीवाला पलीकडून ओरडायचा, "वहिनी, फाटलेल्याला कुलूप लावून देतो, सांगा त्यांना!" मग हळूहळू दुकान वर सरकलं. एका सकाळी सुनेने फोन रफूवालीच्या नाकासमोर धरला. सगळ्यांच्या वर त्यांचं दुकान होतं आणि त्याखाली कोटाची ती उलटी बाजू, चांगली तळहाताएवढी मोठी करून.

गिऱ्हाईक येऊ लागलं. लांबून लांबून, फोन हातात धरून, बोळाच्या तोंडाशी गोंधळून उभं राहत. रफूवालीला पुन्हा मान वर करायला फुरसत मिळेना. तिच्या जेवणाला चव आली.

मग एका दुपारी सून डबा उघडता उघडता म्हणाली, "आई, कुणीतरी फोटोखाली विचारलंय. 'टाका ओळखीचा वाटतो. दुकानात कोण बसतं?' "

रफूवालीच्या हातातली सुई कापडात अर्धी जाऊन थांबली.

"तू काय केलंस?"

"उत्तर दिलं. उत्तर दिलं की दुकान वर राहतं. लिहिलं, आमच्या आई बसतात, दहा ते सात, अवश्य या."

रफूवाली उठली आणि शटर अर्धं खाली ओढलं. भर दुपारी दुकानात अंधार झाला. सून डबा हातात धरून बघत राहिली.

"ते फोटो काढून टाक."

"अहो पण का?"

"काढ म्हणते ना!"

"काढते, काढते. पण ज्याने बघितलं त्याने बघितलं. पत्ता आहे त्याच्याकडे. झालं तरी काय?"

रफूवालीने रफू करून ठेवलेला दुसरा एक कोट उलटा केला, दिव्याखाली धरला आणि नखाने एक जागा दाखवली. चौकोनाच्या कडेला शेवटचा धागा कापलेला नव्हता. तो मागे वळून तीन धाग्यांखालून गेला होता आणि तिथे केसाएवढा फास सैल सोडलेला होता.

"सगळे इथे धागा कापतात. मग धुतल्यावर कापड आवळतं. हे असं परत फिरवायला एकाच माणसाने शिकवलं मला. त्याच्या घरात त्याच्याखेरीज दोघांनाच यायचं. एक त्याचा बाप, तो गेला. दुसरी मी."

"कोण माणूस?"

"तुझा सासरा."

"ते तर..."

"मेला म्हणून मी सांगितलं. पोराला सांगितलं, तुला सांगितलं. मेला नाही तो. टाका जरा चुकला की गरम इस्त्री उचलायचा. एकदा पोराकडे वळला. दुसऱ्या दिवशी तो सूत आणायला गेला आणि मी पोराला घेऊन निघाले. नंतर इथे येऊन टाका बदलायचा फार प्रयत्न केला. हात ऐकत नाही."

सुनेने डबा खाली ठेवला. मग तिने फोन घेऊन एकेक फोटो काढून टाकला.

त्या दिवसापासून रफूवाली दाराकडे तोंड करून बसू लागली. आधी उजेडाकडे पाठ करून बसायची, आता उजेड डोळ्यांवर येऊन धागा दिसत नसे, तरी ती जागा बदलेना. बोळात चपलांचा आवाज आला की सुई थांबायची. कुणी पुरुष खाकरला की मोठी कात्री मांडीवर यायची. सुनेने दवाखान्यातली नोकरी सांभाळून दुपारी येऊन बसायला सुरुवात केली. चावीवाल्याला काही सांगितलं नव्हतं, पण त्याने विनोद करणं आपणहून बंद केलं.

एक दिवस, सून नुकतीच आली होती, तेव्हा एक बाई आली. चाळिशी उलटलेली, नीटनेटकी, पर्स छातीशी धरलेली. पुरुष नाही म्हटल्यावर रफूवालीने कात्री बाजूला सारली. बाईने पर्समधून लोकरी मफलर काढून पुढे ठेवला.

"बघता का जरा?"

रफूवालीने सवयीने मफलर उलटा केला. रफू आधीच झालेलं होतं. चौकोनाच्या कडेला धागा मागे वळला होता, तीन धाग्यांखालून, आणि पुढे केसाएवढा फास.

तिने मफलर दिव्याखाली धरला.

"कुणी केलं हे?"

"मीच केलंय."

"शिकवलं कुणी?"

बाईने आधी मागे वळून बोळात पाहिलं. मग म्हणाली, "आमचंही दुकान आहे. लोक फोटो कसे काढतात, काय लिहितात, ते मी फोनवर बघत होते. ते मागे उभे होते. तुमचा कोट दिसला आणि त्यांनी फोन हातातून हिसकावला. तो प्रश्न मलाच लिहायला लावला."

सून खुर्चीवरून उठली. "कुठे आहेत ते?"

"घरी. गुडघ्यांनी बसमध्ये चढवत नाही. मला बघून यायला पाठवलंय. तुम्हीच आहात असं कळलं तर गाडी करून येणार आहेत."

"तू त्याची कोण?" रफूवालीने विचारलं.

"तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी लग्न केलं त्यांनी माझ्याशी."

शेजारी झेरॉक्सचं मशीन चालू होतं, तेवढाच आवाज. बाईने मफलर परत घेण्यासाठी हात पुढे केला तेव्हा बाही मागे सरकली. मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाची खूण होती. जुनी नव्हती. कडा अजून ओल्या होत्या.

बाईने बाही खाली ओढली. "तुम्ही घाबरू नका, मावशी. मी जाऊन सांगते, एक परकी म्हातारी बसते तिथे, कुणाकडून तरी शिकलीय. ते माझ्यावर चिडतील, पण येणार नाहीत. मला पाचच्या बसने निघायला हवं."

सुनेने मोठा सुस्कारा सोडला. "देवासारख्या धावून आलात हो," ती म्हणाली आणि बाईसाठी भराभर पाणी ओतायला लागली. "आई, ऐकलंत ना? संपलं. सुटलो आपण."

रफूवाली मफलरवरच्या त्या चौकोनावरून अंगठा फिरवत होती. काम सुबक होतं. फक्त एका ठिकाणी ओळ हलली होती, हात थरथरला की हलते तशी.

"तू नाही गेलीस तर?" तिने विचारलं.

बाईला प्रश्न कळला नाही. सुनेला कळला. पाणी ओतता ओतता तिचा हात थांबला.

"आई," ती हळूच म्हणाली. "त्या गेल्या नाहीत तर ते इथे येतील. नक्की येतील."

"हो."

"मग?"

रफूवालीने मफलर खाली ठेवला. ती उठली. भिंतीजवळची सुनेची रिकामी खुर्ची तिने ओढली आणि आपल्या खुर्चीशेजारी, उजेडाकडे पाठ येईल अशी ठेवली.

"या शालीचं गिऱ्हाईक सहाला येतंय," अर्धवट झालेली शाल उलगडत ती बाईला म्हणाली. "माझ्या एकटीच्याने व्हायची नाही. बस."

बाई उभीच राहिली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. पर्समधला फोन वाजू लागला. वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला.

सून दोघींना वळसा घालून बोळात गेली आणि चावीवाल्याशी दबक्या आवाजात काहीतरी बोलू लागली. आत बाईने वाजती पर्स तशीच जमिनीवर ठेवली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि शालीचं दुसरं टोक मांडीवर घेतलं.