शोधलं, काही सापडलं नाही

डबा भरता भरता ग्रंथपालबाईंनी आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. नणंद भिंतीकडे तोंड करून पडली होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. टाइल्सच्या कारखान्यात ती फुलं रंगवायची. गेल्याच आठवड्यात तिचं दुसरं मूलही पोटातच गेलं, आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं.

"चहा टाकू का गं?"

"नको, वहिनी. सोमवारपासून कामावर जाते. घरात बसून डोकं फिरायची वेळ आलीय."

तिचा दादा, म्हणजे बाईंचे यजमान, विद्यापीठात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. बहिणीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. तिची मुलं का टिकत नाहीत म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या संगणकावर जगभरचं संशोधन धुंडाळलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "शोधलं, काही सापडलं नाही." डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. सासू म्हणाली, नशीब.

त्या दिवशी ग्रंथालयाचा तळमजला रंगवायला काढला होता, म्हणून तिथली कपाटं बाईंनी रिकामी करायला घेतली. आपल्या भाषेतले प्रबंध त्यांतच कोंडायची विद्यापीठाची रीत! संगणकावर शोधायला मिळायचं ते फक्त इंग्रजीतलं. घरचं दिसलं तर म्हणे बाहेरचे विद्वान हसतील, विद्यापीठाचा क्रमांक घसरेल. पोरांनी वर्षानुवर्षं घाम गाळून लिहायचं आणि या शहाण्यांनी ते झुरळांच्या हवाली करायचं! दार उघडताच असा कुबट भपकारा आला की बाईंनी नाकाला रुमाल लावला.

भाषा विभागाचा एक प्रबंध हाती लागला. विषय होता टाइल्स रंगवणाऱ्या बायकांची बोली. धाकटीला गंमत वाटेल म्हणून त्यांनी तो चाळला. एका प्रकरणात म्हाताऱ्या रंगारणींचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. 'कुंचला ओठांत धरून टोक काढू नका गं पोरींनो, पोट टिकत नाही. माझी तीन गेली.' पुढे तशाच कितीतरी जणी. धाकटी घरी रंगवायला बसली की कुंचला कशी ओठांत फिरवायची, ते बाईंना आठवलं. त्यांनी लगेच त्या पानाची प्रत काढली.

संध्याकाळी त्यांनी ते पान यजमानांच्या ताटाशेजारी ठेवलं. वाचता वाचता त्यांचा घास हातातच राहिला.

"शिसं," ते पुटपुटले. "त्या रंगात शिसं असणार, ते ओठांवाटे पोटात जातं. पण हा भाषावाल्यांचा प्रबंध! मी कशाला त्यात बघायला जाईन?"

"बघायला गेला असतात तरी दिसला नसता. कोंडून ठेवायच्या समितीच्या नियमावर तुमचीच सही आहे ना?"

त्यांनी पान उलटं ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, इतक्यात बाहेर काढू नकोस. यावर मी आधी इंग्रजीत शोधनिबंध लिहितो. माझ्या नावावर छापून आला की मग बघू."

बाईंना त्यांची किळस आली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्या माणसाच्या ताटाला हात लावू नये असं वाटलं.

"दादा," दारातून आवाज आला. धाकटी केव्हा उठून आली ते कुणाला कळलंच नव्हतं. "माझं पहिलं गेलं तेव्हा हे लिहिलेलं होतं?"

"अगं, तुला त्यातलं काय—"

"होतं," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"ग्रंथालयात दादा ज्या संगणकावर शोधत होता, त्याच्या बरोबर खाली."

दुसऱ्या दिवशी बाईंनी धाकटीला सोबत नेलं. तो प्रबंध पानन् पान संगणकावर चढवून सर्वांसाठी खुला केला आणि बाकीचे उपसून टेबलावर रचले. कार्यालयातला कारकून धावत आला.

"बाई, समितीची परवानगी?"

"घेतलेली नाही, घेणारही नाही. हे सगळे असेच खुले होणार. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

धाकटीने शेजारच्या संगणकावर आपल्याच शब्दांत लिहिलं, 'पोट टिकत नाही'. प्रबंध पटकन समोर आला.

"इतकं सोपं होतं, वहिनी?"

धाकटीने डोळे पुसले आणि कारखान्यातल्या मैत्रिणीला फोन लावला. त्या मैत्रिणीला पाचवा महिना होता.

"ऐक," धाकटी म्हणाली, "आधी तो तोंडातला कुंचला खाली ठेव."