हद्दीपलीकडची बस

आमच्या कॉर्बिन फोर्क गावचं एक मूल शेजारच्या मॅरिस गावच्या शाळेत गेलं, की त्याच्यामागोमाग सरकारचा पैसाही तिकडे जातो. मला हे कधीच पटलं नाही. एक मूल कमी झालं म्हणून बसला डिझेल कमी लागत नाही, की शाळा गरम ठेवणारा बॉयलर कमी पेटत नाही. पण कायदा आहे, आणि पोरं गळत चालली होती.

मी मक्याचा शेतकरी, शाळेच्या मंडळावरही होतो आणि तोंडाने फटकळ. डार्ला कूपलच्या मनात आपल्या विनीला मॅरिसला घालायचंय, हे कानावर आलं आणि मी जेवता जेवताच सुरू झालो. विनी सात वर्षांची, जन्मापासून बहिरी. माझी बायको आर्लीन तिची दुसरीची बाई.

"ती गेली की वर्गाचा पट पडला. दुसरी-तिसरी एकत्र करावी लागेल," मी म्हणालो. "मग घरी कोण बसेल? तू!"

"डार्ला तिला पाठवतच नाहीये. लोकांच्या जिभेला घाबरलीये," आर्लीन म्हणाली. "म्हणून मी निघालेय तिच्याकडे. जा म्हणून सांगायला."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"व्हर्लिन, ती पोर दिवसभर माझ्या तोंडाकडे बघते आणि मान हलवते. कळत काही नाही, पण मला वाईट वाटू नये म्हणून हसते. तिकडे हातांच्या भाषेत शिकवणारी बाई आहे. मी काय देतेय तिला? सणाला गोड कोलाचे पाव?"

तिला अडवण्यात अर्थ नव्हता. मी धुसफुसत गाडी काढली.

डार्लाने स्वयंपाकघरात कॉफी ठेवली, पण तिचा धीर होईना. "बाई, परवा दुकानात एकजण मला म्हणाली, 'शाळेला कुलूप लावूनच थांबशील का?' आणि मॅरिसची बस आपल्या हद्दीत येत नाही. वृद्धाश्रमात माझी पाळी पहाटेची. विनीला हद्दीपर्यंत सोडणार कोण?"

आर्लीनने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. विनी मात्र एकेकाचा चेहरा वाचत होती. माझ्या चेहऱ्यापाशी आली आणि हळूच आईच्या मागे सरकली. माझी मलाच लाज वाटली.

"मी सोडीन," मी म्हणालो. "पण वाटेत बडबड करणार, आधीच सांगतो!"

"कर की," आर्लीन म्हणाली. "तिला कुठे ऐकू येतंय!"

डार्ला हसता हसता रडायला लागली.

वसंतात मंडळाने पुढच्या वर्षापासून दोन वर्ग एकत्र करायचं ठरवलं. हिशेबात दुसरी वाटच उरली नव्हती. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. नोकरी गेली तशी आर्लीनने वर्गातलं सामान खोक्यांत भरून घरी आणलं आणि दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. कोणाशीच नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी विनीला माझ्या पिकअपमधून हद्दीवरच्या चौकात नेऊ लागलो. तिथे मॅरिसची बस थांबायची. आर्लीनही येऊ लागली. सकाळी घरात तिला करमत नव्हतं. विनी मध्ये बसायची आणि शाळेत शिकलेल्या हातांच्या खुणा बाईंना शिकवायची. बाई चुकल्या की डॅशबोर्डवर थाप! इतकी कडक मास्तरीण मी जन्मात पाहिली नाही.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. चौकात बस दिसली तशी विनीने आर्लीनकडे बोट केलं. मग एक बोट स्वतःच्या हनुवटीखाली नेऊन हनुवटी अलगद वर उचलली. पुन्हा आर्लीनकडे बोट, पुन्हा तेच. आर्लीनला उमजलं तशी विनी उडी मारून बसकडे पळाली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

आर्लीनने बसकडे बघत तशीच स्वतःची हनुवटी बोटाने वर केली. "नाव ठेवलं तिने माझं," ती म्हणाली. "हातांच्या भाषेतलं. ते बहिऱ्या माणसानेच द्यायचं असतं."

"हनुवटीचं?"

"वर्गात बोलायच्या आधी मी तिची हनुवटी अशी वर करायची. तिला माझे ओठ दिसावेत म्हणून." तिने डोळे पुसले. "वर्षभर मला वाटत होतं, व्हर्लिन, माझं तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही."