माझ्यावरचं पहिलं नाव

मित्रांनो, बंब म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देतो. मी पाणी तापवायचा एक जुना तांब्याचा बंब आहे. उंची तुमच्या कमरेएवढी, पोट गोल, आणि पोटाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळकांडं. नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. खाली तीन पाय, बाजूला पितळी तोटी, आणि उचलायला दोन कान. गीझर येण्याआधी सगळं घर सकाळी माझ्यापुढे बादली घेऊन उभं राहायचं.

आता मी पाणी तापवत नाही. कोल्हापूरहून वारणानगरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात यशराज नावाच्या तरुणाने शेतात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. तिथल्या व्हरांड्यात मी नुसता उभा असतो. पुण्या-मुंबईचे लोक येतात, माझ्या कानाला धरून फोटो काढतात. माझ्या मागच्या भिंतीवर यशराजने एक फळी लावली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘शंभर वर्षांपूर्वी आमच्या पणजोबांनी कोल्हापुरात घडवून घेतलेला बंब. अस्सल कोल्हापुरी रुबाब.’

त्या एवढ्याशा फळीत तीन गोष्टी खोट्या होत्या. मला शंभर वर्षं झालेली नाहीत. मी कोल्हापुरात घडलेलो नाही. आणि यशराजच्या पणजोबांनी मला घडवून घेतलेलं नाही. हे मला माहीत होतं आणि त्या घरात आणखी एका जिवाला. तिचं नाव बयाबाई. यशराजच्या आजोबांची ही धाकटी बहीण. तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच राहिली. यशराज तिला आज्जी म्हणतो. फळी लागल्यापासून ती व्हरांड्यातून जाताना मान खाली घालून जायची. दोन-तीनदा तिने सांगायचा प्रयत्नही केला. “यशा, ह्या बंबाचं एक हाय बघ,” एवढं तोंडातून निघालं की यशराज म्हणायचा, “आज्जी, जुनं काय काढतीस? पावणं आल्यात.” आणि ती गप्प व्हायची. आपण मेल्यावर हे कोण सांगणार, ही एकच काळजी तिला खात होती.

खरं सांगायचं तर मीही गप्पच होतो. फोटोत मी देखणा दिसायचो, मित्रांनो. खोट्या कौतुकाचीही सवय लागते.

माझा जन्म छत्तीस सालचा, पुण्याच्या तांबट आळीतला. एका तांबटाने पंधरा दिवस ठोकून ठोकून माझ्या अंगावर ते बारीक खड्डे उठवले, ज्यांना लोक आज नक्षी म्हणतात. कालिंदी नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला दिलं. त्या काळी भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते मुलीला देत नसत. माझ्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं, ‘सौ. कालिंदी हिस वडिलांकडून’. मग आगगाडीने कोल्हापूर, आणि तिथून बैलगाडीने हे गाव. कालिंदीचे यजमान इथल्या शाळेत मास्तर होते.

नवी नवरी स्वभावाने वाईट नव्हती, पण पुण्याची होती. भाकरी जाड झाली, तर “पुण्यात असं नसतं.” बाया मोठ्याने बोलल्या, तर “पुण्यात असं नसतं.” गावातल्या बायांनी तिचं नावच ‘पुण्यातली’ ठेवलं होतं. तेवढ्याचं कुणी फार मनावर घेत नव्हतं. मनावर घेण्यासारखं दुसरं होतं. आकाराम नावाचा शेजारचा शेतकरी माझ्यासाठी लाकडं फोडायचा, उसाची वाळकी चिपाडं आणून टाकायचा. दिवाळीच्या पहाटे घर आंघोळीला बसलं की आकारामलाही हात-तोंड धुवायला माझ्यातलं ऊन पाणी मिळायचं. पण घर ब्राह्मणाचं, म्हणून ते सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, कडेवरून, वरून, धार धरून. भांडं त्याच्या हाताला लागणार नाही अशा बेताने. तो ओंजळ करून खाली उभा राहायचा. त्याची दहा वर्षांची मुलगी शेजारी उभी राहून बघायची. ती बयाबाई, म्हणजे आकाराम हाच यशराजचा पणजोबा.

वरून ओतलेलं ते पाणी मीच तापवलेलं होतं. त्याची मला लाज आहे.

मग अठ्ठेचाळीस सालचा जानेवारी संपता संपता दिल्लीत गांधीजींचा खून झाल्याची बातमी आली. मारणारा ब्राह्मण होता असं कळलं, आणि पुढच्या दोन-चार दिवसांत आपल्या या भागात गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटली. ज्यांनी कधी दिल्ली पाहिली नव्हती, त्यांचीही. आमच्या गावात भर दुपारी जमाव आला. मास्तर, कालिंदीकाकू आणि दोन लेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर आली. घरावर रॉकेल पडलं. मी मागच्या न्हाणीत उभा होतो, तिथून मला सगळं दिसलं.

गावात आजही कुणी विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, “पेटवणारी बाहेरगावची होती.” हे खरं आहे. पण मित्रांनो, कोणतं घर कुणाचं, हे बाहेरगावच्यांना कुणी दाखवलं?

आकारामने काडी ओढली नाही. त्याने विझवायला पाणीही आणलं नाही. तो परसातल्या चिंचेखाली उभा राहिला. वासे पडायला लागले तसा मागच्या दाराने आत शिरला, आणि माझ्या नळकांड्यात सकाळचा विस्तव अजून धुमसत असताना त्याने मला खांद्यावर उचललं. त्याचा खांदा भाजला. तो डाग मरेपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगणात त्याने माझ्यात चिपाडं घातली. पाणी तापलं. कालिंदीकाकूकडे तापायचं, तेवढंच आणि तेवढ्याच वेळात. मला काहीही वाटलं नाही. आयुष्यात मला सगळ्यात जास्त शरम कशाची वाटत असेल, तर त्या सकाळची.

चार महिन्यांनी आकारामने मला बाजारात नेलं. तिथल्या कारागिराने काही न विचारता कानस घेतली आणि कालिंदीकाकूचं नाव घासून टाकलं. त्याच जागी नवीन ठिपके उठले, ‘आकाराम गुंडू’. तिथे माझा पत्रा अजून पातळ आहे.

त्यानंतर पन्नास वर्षं मी त्या घरी इमानाने राबलो. बाळंतिणींचं पाणी तापवलं, कुस्तीहून आलेल्या पोरांची अंगं शेकली. “आकारामाच्या बंबासारखं पाणी कुठं न्हाय,” असं गावात म्हणत. बयाबाई रोज राखेने मला घासायची, पण नावावरून हात फिरवताना तिचा हात हळू व्हायचा. पुढे गीझर आला आणि मी गोठ्यात गेलो. माझ्यावर पेंडीची पोती पडली, आत कोंबडी अंडी घालू लागली. यशराजने मला शोधून काढलं, चिंच-मिठाने लख्ख केलं, आणि फळी लावली.

आता गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पुण्याच्या भैरवीताई दोन मैत्रिणींबरोबर नृसिंहवाडीला दर्शन करून मुक्कामाला आल्या. पन्नाशीच्या, बँकेत अधिकारी. गाडीतून उतरल्या-उतरल्या त्या मैत्रिणीला म्हणाल्या, “इथे सगळे भांडल्यासारखं का बोलतात गं?” यशराजने ऐकलं. तो हसला, पण ते त्याच्या पोटात राहिलं.

दुपारी चहा आला. भैरवीताईंनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. “अहो, हा चहा आहे की पाक?”

“आवो ताई, हितं ऊस पिकतोय,” यशराज म्हणाला. “पुण्यात पावण्याला ‘चहा घेणार का’ असं विचारत्यात म्हणं. हितं विचारत न्हाईत, देत्यात.”

“विचारावं. समोरच्याला मधुमेह असू शकतो,” ताई म्हणाल्या. मैत्रिणी हसल्या. मग ताईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्या उठून माझ्याजवळ आल्या, अंगावरून बोटं फिरवली आणि फळी वाचली. “हे चुकलंय हं. हा बंब पुण्याचा आहे. असे ठोके तांबट आळीतच पडतात. आमच्या घरी अगदी असाच होता.”

“चांगलं दिसलं की पुण्याचं व्हय?” यशराज उसळला. “शंभर टक्के कोल्हापूरचा हाय. आमच्या पणजोबांनी करून घेतलाय. न्हाय पटत तर नाव वाचा की!” त्याने मला गर्रकन फिरवून नावाची बाजू पुढे केली.

ताईंनी चष्मा लावला, वाकल्या, नखाने पत्रा चाचपला. “नाव आहे. पण इथे आधी दुसरं काहीतरी होतं. घासून काढलंय.”

“म्हंजे आम्ही काय चोर हाय व्हय?” यशराजचा आवाज सगळ्या शेतात गेला. “ताई, तुमच्या मोठ्या शहरात शेजाऱ्याला शेजारी वळखत न्हाई. आमच्या गावानं अठ्ठेचाळीसला तुमच्या लोकांची घरं वाचवलीत. आमच्या पणजोबांनी आगीत उडी घेतली हुती. खांद्यावर डाग हुता त्यांच्या!”

ताईंनी चष्मा काढला. “माझे आजोबा मिरजेकडचे,” त्या हळू म्हणाल्या. “त्यांचं घर नाही वाचलं. घरी कोल्हापूरचं नाव निघालं की बाबा उठून जायचे.”

तेव्हा बयाबाई खांबाला धरून उठली.

“यशा, बस खाली.”

“आज्जी, तू मधी बोलू नगंस.”

“सत्त्याहत्तर वर्सं न्हाई बोलले. आता बोलणार.” ती भैरवीताईंकडे वळली. “बाई, त्यो डाग ह्या बंबाचा हाय. जळत्या घरातनं ह्यो उचलून आणला माझ्या बानं. कालिंदीकाकूचा हाय ह्यो. तिचं नाव माझ्या डोळ्यांदेखत घासलं. म्या बाला इचारलं, तर म्हणाला, जळूनच गेला असता की.”

“आणि पणजोबांनी कुणाला वाचवलं?” यशराजने विचारलं.

“कुणाला न्हाई. उभा हुता.” बयाबाई म्हणाली. “त्याला वरनं पानी घालायचे, ते म्या बघितलंय. मला बी राग यायचा. पर काकू लेकरं घिऊन बैलगाडीत बसली, तवा तिच्या पायात चप्पल न्हवती. ते बी म्या बघितलंय.” मग तिने ताईंचा हात धरला. “तुमीच का त्या घरच्या? असला तर घिऊन जावा ह्याला.”

मित्रांनो, त्या क्षणी मला फार वाटलं की ताईंनी हो म्हणावं.

“नाही आजी,” त्या म्हणाल्या. “आमचं गाव वेगळं.”

बयाबाईचं तोंड उतरलं. म्हणजे जळालेलं घर एकच नव्हतं. एवढी वर्षं तिला एकच घर माहीत होतं.

ताई म्हणाल्या, “वरून पाणी घालण्याचं आमच्या घरात कधी कुणी सांगितलं नाही हो. फक्त आगीचं सांगितलं.” त्यांनी मान खाली घातली. आल्यापासून पहिल्यांदाच.

“पर माझा काय दोष?” यशराज म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “मी तर जल्माला बी न्हवतो.”

“तू न्हाई रं जाळलंस,” बयाबाई म्हणाली. “पर फळी तूच लावलीस.”

त्याच संध्याकाळी यशराजने फळी उतरवली. त्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला आहे. भैरवीताईंनी पुण्याला गेल्यावर कालिंदीकाकूच्या घरच्यांची चौकशी सुरू केली आहे. दोनदा फोन आला, अजून पत्ता लागलेला नाही. लागला तर मी जाईन. नाही लागला, तर इथेच उभा राहीन, ते सोपं नाही.

परवा मुंबईचे पाहुणे आले. एका बाईंनी माझा कान धरला, मोबाईल वर केला आणि विचारलं, “किती छान! तुमच्या घराण्यातला का?”

यशराजने भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे पाहिलं. मग म्हणाला, “न्हाय. लुटीतला हाय. मालकांची माणसं शोधतोय.”

बाईंनी कानावरचा हात काढला. फोटो निघाला नाही. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणीतरी फोटो न काढता पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्या जातीची भांडी तुम्हाला नेहमी सांगतात. मी तेवढंच सांगणार नाही. आम्हाला जरूर घासा, पुसा, पण एकदा विचारा की हे घरात आलं कसं. सांगणारं माणूस बोलायला लागलं तर त्याला पावणं आल्यात म्हणून गप्प बसवू नका. आपलं गाव, आपलं शहर मोठं आहेच, त्याला खोटं बोलून आणखी मोठं करायची गरज नाही. आणि विचारायचं ते लवकर विचारा. आमची बयाबाई आता सत्त्याऐंशीची आहे. दुपारी चारनंतर ती जागी असते.